बन्सीचं व्यसन सुटलं

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण तो लेकराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही. माणसाचं नाव बन्सी, गावाचं नाव कुरणवाडी. बन्सीकडं थोडी जमीन होती, एक म्हैस होती, आई होती आणि सरू नावाची बायको होती. त्या घराच्या वाट्याला आलेली सगळी अक्कल सरूकडं होती. म्हशीला थोडीफार असावी.

बन्सीला एक चांगली सवय होती. सांगितलेलं तो ऐकायचा. सांगितलं तेवढंच ऐकायचा आणि मग ते नको तिथं वापरायचा.

लग्नानंतर पहिला धोंड्याचा महिना आला. ह्या महिन्यात जावयाला घरी बोलावतात, अनारसे खाऊ घालतात, चांदीचं निरांजन देतात. सरूचे वडील नव्या विचारांचे. त्यांनी निरांजनाऐवजी मोबाइल दिला. निरांजन दिलं असतं तर ते देव्हाऱ्यात पडून राहिलं असतं आणि मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

त्या दिवशी बन्सीची मान जी खाली गेली ती वर आली नाही. गावाला वाटलं, सासुरवाडीला काहीतरी अपमान झाला. मग कळलं, मान फोनसाठी खाली आहे. म्हैस रवंथ करायची आणि हा तिचा व्हिडिओ काढायचा. मग त्याला किती लाईक आले ते बघत बसायचा. एकदा दूध उतू जात होतं, त्याचाही व्हिडिओ काढला. पुष्कळ लोकांनी तो पाहिला. गॅस मात्र कुणी बंद केला नाही. रोज सकाळी तो फुलांचं चित्र टाकून अख्ख्या ग्रुपला शुभ सकाळ म्हणायचा. शेजारी बसलेल्या सरूला म्हणायचा नाही, कारण ती ग्रुपमध्ये नव्हती.

सरूनं बरेच दिवस सोसलं. मग एकदा ताट वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "अहो, ह्या घरात मी भिंतीशी बोलते. आता एकच सांगते. जेवताना फोन हातात दिसला तर मी हिवऱ्याला जाईन ती परत यायची नाही."

हिवरं म्हणजे सरूचं माहेर. बन्सी घाबरला. बायको त्याला हवी होती. ती दिसते कशी असं कुणी विचारलं असतं तर त्याला नीट सांगता आलं नसतं, पण हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा दोन्ही हात मोकळे होते. सरूला बरं वाटलं. ती चुलीवरची भाकरी घेऊन आली आणि बघते तर फोन ताटाशेजारी जमिनीवर, आणि बन्सी पायाच्या अंगठ्यानं व्हिडिओ सरकवतोय. अंगठा मधेच घसरून पिठल्यात गेला. बन्सीनं तो धोतराला पुसला आणि पुन्हा कामाला लावला.

"हे काय चाललंय?" सरू म्हणाली.

"हातात नाहीये," बन्सी म्हणाला.

सरूनं कपाळावर हात मारला. "अहो, जेवताना फोनकडं बघायचंच नाही. हातानं नाही, पायानं नाही. काही वाजलं तरी मान वर करायची नाही. आपण आणि आपलं ताट."

"असं आधी सांगायचं," बन्सी म्हणाला. त्यानं ते लक्षात ठेवलं. बन्सीनं एखादी गोष्ट लक्षात ठेवली की गावात कुणाचं तरी नुकसान ठरलेलं असायचं.

त्या आठवड्यात सरू आणि आई बाजाराला गेल्या. बन्सी एकटाच जेवत होता, फोन लांब कोनाड्यात होता. तेवढ्यात गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं. तिच्या गळ्यातली घंटा वाजत वाजत दारासमोरून गेली. बन्सीनं मान वर केली नाही. घंटा शेजारच्या शिवरामतात्यांच्या मक्यात शिरली आणि तिथं निवांत वाजत राहिली. बन्सीनं भात कालवला. सावकाश ताक प्यायला. हात धुऊन मगच बाहेर आला, तोवर तात्या म्हशीला ओढत दारात आले होते आणि मका म्हशीच्या पोटात होता.

"बन्स्या, घंटा ऐकू आली नाही का तुला?"

"आली की," बन्सी म्हणाला. "पण मी जेवत होतो."

तात्यांनी तुटकं दावं त्याच्या हातात दिलं. मग म्हणाले, "तुला गुरुजींकडं पाठवायला पाहिजे."

गुरुजी म्हणजे गावचे निवृत्त मास्तर. त्यांचा बन्सीवर आधीच राग होता. मागं बन्सीनं एक निरोप सगळ्यांना पाठवला होता की आज आकाशातून वाईट किरण येणार आहेत, फोन वाचवायचा असेल तर पाण्याच्या माठात ठेवा. गावातल्या तिघांनी ठेवले. त्यातले एक गुरुजी होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गुरुजीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"बन्सी," गुरुजी म्हणाले, "हातात आलेलं लगेच पुढं ढकलायचं नसतं. थांबायचं. कुठून आलं ते विचारायचं. खरं की खोटं ते स्वतः तपासायचं. खात्री पटली तरच पुढच्याला द्यायचं. एवढं केलंस तरी निम्मा शहाणा होशील."

"असं आधी सांगायचं," बन्सी म्हणाला. आणि त्यानं ते लक्षात ठेवलं.

पुढं काय झालं ऐका. शिवरामतात्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. मका गेलाच होता, आता कडबा. गाव धावलं. विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागली आणि पाण्याच्या बादल्या ह्या हातातून त्या हातात जाऊ लागल्या. रांगेच्या बरोबर मध्ये बन्सी उभा राहिला. उभा राहिला म्हणण्यापेक्षा त्याला कुणी हाकललं नाही.

त्याच्या हातात बादली आली. तो थांबला. आत डोकावून बघितलं.

"दे पुढं," तात्या ओरडले.

"कुठून आली ही?" बन्सीनं मागच्याला विचारलं.

"विहिरीतून आली, कुठून येणार?"

"तू बघितलंस?"

"मी कसा बघणार? मी रांगेत आहे."

"मग खात्री नाही," बन्सी म्हणाला. त्यानं ओंजळभर पाणी घेतलं, वास घेतला, चव घेतली, थोडा विचार केला. पाणी खरं होतं. बादली पुढं गेली. दुसरी आली. बन्सीनं तिच्यातही डोकावून बघितलं. त्याच्या मागं भरलेल्या बादल्यांची गर्दी झाली आणि पुढं माणसं रिकामे हात पसरून उभी राहिली. पाणी पूर्ण तपासून झालं तेव्हा गंजीच्या जागी काळा गोल होता.

रांगेतल्या अर्ध्या लोकांनी आगीचा व्हिडिओ काढला होता. मूर्ख म्हणून नाव मात्र एकट्या बन्सीचं झालं.

तात्या राखेजवळ बसले. त्यांना ओरडायचंही त्राण नव्हतं. "बन्स्या," ते म्हणाले, "तुझं डोकं त्या फोननं नासलंय. लोक पोटाचा उपास धरतात, तू फोनचा उपास धर. आठवड्यातून एक दिवस तरी धर. माझ्यासाठी धर."

"असं आधी सांगायचं," बन्सी म्हणाला.

घरी येऊन त्यानं सरूला सांगितलं, उद्या माझा फोनचा उपास आहे. सरूच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याच्या तोंडून असं वाक्य ती लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होती. तिनं सकाळी लवकर उठून अंघोळ केली आणि दिवसभर त्याच्याशी काय काय बोलायचं ते मनात ठरवलं. गोठ्याचं छप्पर, तिच्या भावाचं लग्न, राहिलेली भांडणं. पुष्कळ साठलं होतं.

इकडं बन्सी आईजवळ गेला. "आई, उपासाला काय चालतं?"

आईला काय माहीत हा कशाचा उपास. ती म्हणाली, "काय चालत नाही? साबुदाणा चालतो, भगर चालते, रताळं चालतं. देवाचं नाव तर हवं तेवढं चालतं."

बन्सी फोन घेऊन ओट्यावर बसला. आधी साबुदाण्याच्या खिचडीचे व्हिडिओ बघितले. मग वड्यांचे. मग भगर, रताळ्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा. ते संपल्यावर कीर्तनं लावली. एक संपलं की फोन आपणहून दुसरं लावायचा. म्हशीचे, भांडणांचे, नाचाचे व्हिडिओ त्यानं कटाक्षानं टाळले, कारण ते उपासाला चालत नाहीत. एरवी तो अधूनमधून वैरण टाकायला तरी उठायचा. उपास असल्यामुळं आज तेही केलं नाही.

सरू दोनदा बाहेर येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा उन्हं कलली होती.

"फोनचा उपास होता ना तुमचा?"

"आहे की. सकाळपासून उपासाचंच बघतोय."

"एकादशी आणि दुप्पट खाशी," सरू म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. सरूनं पिशवी भरली, सासूच्या पाया पडली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.

बन्सीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की त्याचा हात जिकडं जायचा तिकडं गेला. बायको पिशवी घेऊन वाटेनं चालली आहे, असा त्यानं व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, बायको चालली माहेरी. म्हशीला कधी आले नव्हते इतके लाईक त्याला आले. गावातल्या सगळ्यांनी तो पाहिला. तिला थांबवायला थांब्यावर एकजणही गेला नाही.

घर ओस पडलं. आई बोलेनाशी झाली. आठ दिवसांनी तिनं तोंड उघडलं ते एवढंच म्हणायला, "शाळेत व्यसन सोडवायचं शिबिर भरलंय. जा तिथं. नाहीतर सरू काही येत नाही, आणि भाकरी मीही टाकायची नाही."

शिबिर तंबाखू आणि दारूवाल्यांसाठी होतं. त्यांच्यात बन्सी जाऊन बसला. तालुक्याहून आलेले डॉक्टर बोलायला गोड होते. मधेमधे खिशातून फोन काढून बघायचे आणि पुन्हा गोड बोलायचे.

"व्यसन ओळखायचं कसं?" डॉक्टर म्हणाले. "सकाळी डोळा उघडला की पहिलं काय आठवतं ते बघा. ते जवळ नसलं की जीव कशात लागत नाही, असं होतं का बघा. दुसरं कुणी त्यात आडवं आलं की राग येतो का बघा. हे सगळं होत असेल तर समजा, तेच तुमचं व्यसन. मग ते घरात ठेवायचं नाही. विश्वासाच्या माणसाच्या ताब्यात द्यायचं. सांगायचं, मी मागितलं तरी देऊ नका, रडलो तरी देऊ नका. आणि मागं वळून बघायचं नाही. आणखी एक. जुनं व्यसन सुटलं की त्या जागी नवं येऊन बसतं. ते वेळीच ओळखा."

"असं आधी सांगायचं," बन्सी म्हणाला. इतकं सगळं तो पहिल्यांदाच एका दमात लक्षात ठेवत होता. मधेच तो ओठ हलवून उजळणीही करत होता.

घरी येऊन त्यानं फोन आईच्या हातात दिला. "मी मागितला तरी देऊ नकोस. रडलो तरी देऊ नकोस." आईनं तो ट्रंकेत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

पहिले काही दिवस वाईट गेले. बन्सीचा अंगठा आपोआप चालायचा. भाकरीवर चालायचा, म्हशीच्या पाठीवर चालायचा. म्हशीला ते आवडलं. तो मागायचा, रडायचा, आई द्यायची नाही. मग हळूहळू अंगठा थांबला. मान वर आली. गावात एवढी झाडं आहेत हे त्याला तेव्हा कळलं.

बातमी हिवऱ्याला पोचली. सरूचे वडील तिला घेऊन आले, दोन दिवस राहिले, जावयाच्या हाताकडं बारीक लक्ष ठेवलं आणि समाधानानं परत गेले.

मग जे झालं ते ह्या गोष्टीत कसं आलं ते मलाही कळत नाही. बन्सी सरूशेजारी बसू लागला. ती शेंगा फोडायची, तोही फोडायचा. ती बोलायची, तो ऐकायचा. तिच्या हनुवटीखाली तीळ आहे, पीठ चाळताना ती गुणगुणते, हसताना तोंडावर पदर घेते, हे सगळं त्यानं पहिल्यांदा बघितलं. "हा तीळ कधी आला?" त्यानं विचारलं. "जन्मापासून आहे," सरू म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला. ती सुखात होती. गोठ्याचं छप्पर, भावाचं लग्न, राहिलेली भांडणं, सगळं बोलून झालं आणि तरी बोलणं संपेना.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बन्सी थांबला नाही, मी कसा थांबू?

एकदा सरू बचत गटाच्या बैठकीला गेली आणि बन्सी तिची वाट बघत ओट्यावर येरझाऱ्या घालू लागला. शिवरामतात्या समोरून चालले होते. बऱ्याच दिवसांत त्यांचं काही जळलं नव्हतं, म्हणून ते खुशीत होते. त्यांनी थट्टा केली, "काय बन्स्या, फोनचं सुटलं आणि बायकोचं व्यसन लागलं वाटतं."

बन्सी जागच्या जागी उभा राहिला.

त्यानं डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सकाळी डोळा उघडला की पहिलं काय आठवतं? सरू. ती जवळ नसली की जीव कशात लागतो का? लागत नाही, हे आत्ताच दिसत होतं. दुसरं कुणी आडवं आलं की राग येतो का? बचत गटाच्या बायकांचा त्याला सकाळपासून राग येत होता. मग त्यानं फोनचं तपासलं. फोन सकाळी आठवत नव्हता. त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. आई ट्रंकेवर बसून तांदूळ निवडायची तरी त्याला काही वाटत नव्हतं.

बन्सी रडला. पण गडी निश्चयाचा होता. एक व्यसन सोडलं होतं, दुसरंही सोडणार होता.

नागपंचमी जवळ आली होती. "चल, तुला हिवऱ्याला नेतो," तो सरूला म्हणाला. पंचमीला नवरा आपणहून माहेरी नेतोय म्हटल्यावर सरू हरखली. तिनं सासूला भाकऱ्या करून ठेवल्या, हातावर मेंदी काढली, ठेवणीतली साडी नेसली. एसटीत ती सारखी बोलत होती आणि बन्सी खिडकीबाहेर बघत होता, कारण तिच्याकडं बघितलं तर निश्चय मोडला असता.

हिवऱ्याला सासऱ्यांनी अंगणात खाट टाकली. सासूनं ताटलीत करंज्या आणून दिल्या. बन्सीनं एक करंजी उचलली आणि उभा राहिला.

"मामा," तो म्हणाला, "सरूला तुमच्या ताब्यात देतो. मी मागितली तरी देऊ नका. रडलो तरी देऊ नका."

सासऱ्यांना ऐकू कमी येत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"व्यसन लागलंय मला हिचं. डॉक्टरांनी सांगितलेली सगळी लक्षणं जुळली."

"आणि तो फोन हो, जावईबापू?"

"त्याचं काही नाही आता. आठवणसुद्धा येत नाही. त्यामुळं तो घरात राहिला तरी चालतो."

एवढं बोलून त्यानं करंजी तोंडात घातली आणि चालू लागला. मागं वळून बघायचं नव्हतं. सरू मेंदीचे हात तसेच धरून दारापर्यंत धावली आणि तिनं हाक मारली, "अहो." बन्सीला हाक ऐकू आली. पण तो खात होता, आणि खाताना काही वाजलं तरी मान वर करायची नाही हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

घरी येऊन त्यानं आईकडं फोन मागितला. आईनं दिला नाही. तो रडला, तरी दिला नाही. मग त्यानं तिला समजावून सांगितलं की ही अट व्यसनाची होती आणि व्यसन तो हिवऱ्याला ठेवून आलाय. ते ऐकून आई मटकन ट्रंकेवरच बसली. किल्ली तिच्या कनवटीतून गळाली ती बन्सीनं उचलली.

फोन चार्ज झाल्यावर त्यानं स्वतःचा फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं, व्यसन कायमचं सोडलं. लाईकचा पाऊस पडला. पहिला लाईक डॉक्टरांचा होता. गुरुजींनी तर अभिनंदन म्हणून फोटो लगेच पुढं पाठवला, आणखी पाच ग्रुपना. कोणतं व्यसन, कुठं सोडलं, हे कुणी तपासलं नाही.

फिरत फिरत तो फोटो हिवऱ्याला सासऱ्यांच्या फोनवर पोचला. सरूनं तो बराच वेळ बघितला. मग तिनं मेंदीच्या हातांनी वडिलांकडून फोन घेतला आणि जाऊन निरांजनाच्या शेजारी देव्हाऱ्यात ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "हा आता आपल्या घरात कुणी उचलायचा नाही. नाहीतर मी जाऊ कुठं?"

इकडं बन्सी लाईक मोजत बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा डोळा उघडला. पहिली सरू आठवली. त्यानं लगेच फोन हातात घेतला, म्हणजे व्यसनाची आठवण येणार नाही.